सात दिवसांचा शिरा

आमच्या मदतगार क्लबाने मध्यंतरी एक जाडजूड स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, फोटोत प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार. पहिल्या वर्षाविषयी तिच्यात साडेचार ओळी आहेत. 'संस्थापक सदस्यांनी पाचोड येथे यशस्वी नेत्रशिबिर घेतले व त्यास भगिनींचे मोलाचे सहकार्य लाभले,' असं त्यात छापलंय. माहिती घ्यायला क्लबाचे तरुण सेक्रेटरी माझ्याकडेच आले होते. मी दोन तास बोलले, त्यांनी दोनदा चहा घेतला, सगळं फोनवर रेकॉर्ड केलं, आणि शेवटी हे. त्यांच्यावर माझा राग नाही, बिचाऱ्यांना जाहिरातींना जागा द्यायची असते. पण ते 'सहकार्य' मला चावतं. भगिनी म्हणजे कोणी महिलामंडळ नव्हतं, आम्ही दोघीच होतो, आई आणि मी. मी अठराची होते. आज गुडघे बोलतात आणि पाठ ऐकत नाही, तरी ते वर्ष आठवलं की मी खुर्चीत सरसावून बसते, इतकं ते माझ्या अंगात आहे. म्हणून ते माझं मीच लिहून टाकते.

औरंगपुऱ्यात आम्ही एका छापखान्याच्या वर राहायचो. खाली ट्रेडल मशीन दिवसभर खटक-खटक चालायचं आणि त्या ठेक्यावर आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. मशीन थांबलं की घर एकदम मुकं वाटायचं, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, लाइट गेली वाटतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. बोटांना कायम कुठला ना कुठला रंग लागलेला, त्यामुळं जेवताना भाताच्या कडेला कधी निळी तर कधी तांबडी रेघ उमटायची. त्यांना एक सवय होती, कुणी काही चांगलं करायचं म्हटलं की हे आधी हो म्हणायचे आणि मग काय करायचंय ते विचारायचे. आई त्यांच्या बरोबर उलट. ती आधी सगळं विचारायची, मग नाही म्हणायची, आणि मग करायला लागायची.

क्लबाची कल्पना मुळे वकिलांची. ते निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, भर उन्हाळ्यात काळा कोट घालणारे, आणि बोलताना 'दरअसल' म्हटल्याशिवाय सुरुवात न करणारे गृहस्थ. कुठल्याशा मोठ्या शहरात ते नातेवाइकांकडे गेले होते. तिथल्या एका सेवाभावी क्लबाच्या बैठकीला पाहुणे म्हणून बसले आणि तिथली पितळी घंटा पाहून हरखून आले. आपल्या गावात असा क्लब का नसावा, असं त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा अर्थातच हो म्हणाले. सात जण जमले. त्यात खालचे छापखानेवाले होते, एक औषधाचे दुकानदार होते, चिकलठाण्याच्या नव्या कारखान्यातले एक इंजिनिअर होते. जागा हवी होती, ती आमची पुढची खोली ठरली. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही कॉट उभी करून भिंतीला टेकवायचो, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणायचो आणि मधोमध टेबलावर ती घंटा ठेवायचो. घंटा मुळे वकिलांनी खास घडवून घेतली होती, आणि ती वाजवल्याशिवाय कुणी खोकलासुद्धा काढायचा नाही असा त्यांचा कटाक्ष होता.

नाव ठरायला तीन गुरुवार गेले. एकाला 'सेवा' हवं होतं, दुसऱ्याला 'बंधुभाव'. वकिलांनी 'मदतगार' म्हटलं आणि समजावून सांगितलं की हा शब्द हिंदूला कळतो, मुसलमानाला कळतो, शेतकऱ्याला कळतो आणि कोर्टातल्या शिपायालाही कळतो. मग तेच ठरलं. पण प्रत्येक गोष्टीला ठराव लागायचा, ठरावाला सूचक लागायचा आणि सूचकाला अनुमोदक. खिडकी उघडायची तरी एकानं सुचवायचं आणि दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे आणि त्यांना ते खोटं वाटायचं. मी दाराआड बसून सगळं ऐकायचे. आई आत धपाटे थापायची, तव्यावर तेल चुरचुरायचं, लसणीचा आणि ओव्याचा वास पुढच्या खोलीत गेला की चर्चेचा वेग आपोआप वाढायचा. दह्याची वाटी आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर गेली की उरलेले ठराव एकमतानं मंजूर.

पहिली सेवा म्हणून सगळ्यांनी हर्सूलच्या रस्त्याला रोपं लावली. खड्डे खणले, फोटो निघाला, वकिलांनी कोटासकट झारीनं पाणी घातलं. रोपांभोवती कुंपण घालावं की नाही, हा विषय मात्र पुढच्या गुरुवारवर गेला. त्या गुरुवारपर्यंत शेळ्या थांबल्या नाहीत. मंडळी पाहणीला गेली तेव्हा एका रोपाचा दांडा तेवढा शिल्लक होता आणि त्याच्याशेजारी एक शेळी निवांत रवंथ करत बसली होती. अण्णांनी त्या शेळीचं फार सुंदर चित्र काढलं होतं. ते इतिवृत्ताच्या वहीत लावू द्यायला वकील काही तयार झाले नाहीत.

त्याच गुरुवारी आई धपाट्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि ताट टेबलावर न ठेवता तशीच उभी राहिली. ती म्हणाली, "तुम्हाला सेवाच करायची आहे ना? माझी आत्या पाचोडला असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेच्या हाताला धरून परसाकडं जाते आणि रडते. तिच्यासारख्या तिथं घरटी एक आहे. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की हे बरं होतं." एवढं बोलून तिनं ताट ठेवलं आणि आत आली. आत येऊन माठातलं पाणी प्यायली. मग बाहेर घंटा वाजली आणि वकिलांचा आवाज आला, "दरअसल हाच ठराव आहे. सूचक कोण?" आई सभासद नव्हती, तिचं नाव घालता येईना. अण्णांनी हात वर केला. मी दाराआड उभी होते. आपल्या घरात आज खरंच काहीतरी सुरू झालं, हे मला त्या क्षणी कळलं होतं.

पुढचे दिवस नुसते धावपळीचे. शहरातले डोळ्यांचे डॉक्टर सिद्दीकी फुकट शस्त्रक्रिया करायला तयार झाले. त्यांच्या अटी तीन होत्या: दिवसभर उकळतं पाणी हवं, शस्त्रक्रियेच्या खोलीत एकही जाळं-जळमट नको, आणि भाषण कुणी करायचं नाही. तिसरी अट मंजूर व्हायला एक अख्खा गुरुवार लागला. दिवाळीच्या सुट्टीत पाचोडची शाळा मिळाली. खाली ट्रेडलवर पिवळी पत्रकं छापून निघत होती, ओली पत्रकं आमच्या गच्चीवर वाळत होती आणि मी ती दगडाखाली दाबत फिरत होते. कॉलेजचा अभ्यास मी गुंडाळून ठेवला होता. मला एवढा आनंद कशाचा होतोय, ते माझं मलाच समजत नव्हतं.

आणि मग आमच्या विद्वान मंडळींनी पाचोडच्या आठवडी बाजारात प्रचार केला. इंजिनिअरसाहेबांनी कुठून तरी जीप मिळवली. जीपवर कर्णा. आत कोट-टाय घातलेले चार पुरुष, मांडीवर भलंमोठं रजिस्टर, आणि औषधवाल्यांच्या अंगात पांढरा डगला, का तर लोकांना विश्वास वाटावा. कर्ण्यावरून वकील म्हणाले, आम्ही तुमच्या भल्यासाठी आलो आहोत, कृपया पुढे येऊन नाव नोंदवा, ऑपरेशन मोफत आहे. त्या काळात जीप, रजिस्टर आणि मोफत ऑपरेशन म्हटलं की खेड्यातल्या माणसाला एकच गोष्ट कळायची. नसबंदीवाले आले. अण्णा घरी येऊन सांगत होते की दहा मिनिटांत बाजार रिकामा झाला. एक पैलवान मिरच्यांचं पोतं तिथंच टाकून शेतातून पळाला. फक्त एक अतिशय म्हातारे आजोबा पुढं आले आणि म्हणाले, "माजं करा बापू. मला आता कायबी फरक पडत नाय."

आई हसून हसून खाली बसली. पण दुसऱ्या बाजाराला तिनं कुणालाच येऊ दिलं नाही. आम्ही दोघी एस.टी.नं गेलो, साध्या लुगड्यात, रजिस्टर नाही, पत्रक नाही. आई बांगड्यांच्या दुकानाकडं गेली आणि मी लसणाच्या ढिगापाशी बसले. लसूण विकणाऱ्या बाईचं नाव गयाबाई. बसक्या बांध्याची, कपाळावर गोंदण, आणि दोन्ही डोळ्यांत दुधासारखं पांढरं. ती गड्डा हातात घेऊन बोटांनी पाकळ्या मोजायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, हा घे, ह्याच्यात पोचट नाय. मी तिच्याशी तासभर लसणावरच बोलले. मग हळूच डोळ्यांचं काढलं. ती काही घाबरली वगैरे नाही. तिनं एकेक करून मला विचारलं, डोळा बाहेर काढून ठेवतात का, सुई टोचतात का, किती दिवस पडून राहायचं, आणि घरी लेक भांडला तर त्याला कोण समजावणार. मला येत होतं तेवढं मी सांगितलं, येत नव्हतं तिथं येत नाही म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "बाई, तू सांगतीस म्हनून येते. पन तू बसशील का माज्यापाशी? डोळं बांधल्यावर मला मानूस लागंल." मी म्हटलं, बसेन. सात दिवस बसेन. तिनं माझा हात चाचपला आणि लसणाचा एक गड्डा त्यात ठेवला.

गयाबाई येते म्हटल्यावर तिच्या ओळीत बसणारी मिरचीवाली येते म्हणाली, मिरचीवाली येते म्हटल्यावर तिचा दीर, आणि आईची आत्या तर आधीच तयार होती. अकरा जण जमले. शिबिराच्या सकाळी शाळेचं अंगण शेणानं सारवलेलं, वर्गाला ताजा चुना, व्हरांड्यात चार स्टो एका सुरात फुरफुरतायत आणि त्यांच्यावर पातेल्यांत हत्यारं उकळतायत, असं सगळं होतं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर गयाबाई पहिली. दाराच्या फटीतून मला फक्त तिचे तळपाय दिसत होते, भेगाळलेले, एकमेकांवर घट्ट दाबलेले. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाले, "पहिला झाला. दूसरा भेजो." वकिलांनी नकळत हात घंटेकडं नेला, मग त्यांना आठवलं की आज घंटा घरी आहे. त्यांनी टाळी वाजवली. आम्ही सगळ्यांनीच वाजवली. संध्याकाळी चौथीच्या वर्गात अकरा बाजा एका ओळीत होत्या आणि अकरा डोक्यांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. मी दारात उभी राहून ते नुसतं बघत राहिले. जगात याच्याहून मोठं काही चाललं असेल असं मला वाटत नव्हतं.

आजच्या वाचकाला सांगायला हवं, आता मोतीबिंदूवाला माणूस सकाळी जातो आणि जेवायला घरी येतो. तेव्हा तसं नव्हतं. एका वेळी एकच डोळा करायचे, पण पट्टी दोन्ही डोळ्यांना. पट्टी बांधली की सात दिवस उताणं पडायचं. मान हलवायची नाही, उठून बसायचं नाही, खोकायचं नाही, आणि चावायचं तर मुळीच नाही, कारण जबडा हलला की टाक्यावर ताण येतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नरम खाणं द्या. त्यावर आमच्या मंडळींनी ठराव केला. गरीब माणसाला आपण द्यायचं तर उत्तमच द्यायचं, असं वकील म्हणाले, आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सात दिवस, दोन्ही वेळा, साजूक तुपातला शिरा. सूचक, अनुमोदक, मंजूर. आई म्हणाली होती की एवढा शिरा लग्नातसुद्धा कुणी खात नाही, पण ते वहीत आलं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिटक्या मारल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरचीवालीचा दीर म्हणाला की जिभंवर गोड थर बसलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरांपैकी सात जणांनी तोंडच उघडलं नाही. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेली माणसं, त्यांना पोट भरल्यासारखंच होईना. अंगणातल्या लिंबाखाली मंडळींनी तातडीची बैठक घेतली. शिऱ्यात बदाम घालावेत काय, हा विषय होता. मी आत गयाबाईपाशी बसले होते. ती एकदम कोपर टेकून उठायला लागली. मी तिचे खांदे धरले. ती म्हणाली, "सोड मला. मी पट्टी सोडून घरी चालले. डोळा नसला तरी चालंल, पन भाकरीबिगर जीव ऱ्हायचा नाय." मला माहीत होतं, ती उठून बसली तर डोळा गेलाच. दारात कुणी नव्हतं. माझ्या पिशवीत आईनं माझ्यासाठी बांधलेला डबा होता, दोन भाकरी आणि लसणाचा ठेचा. मी डॉक्टरांना विचारायला हवं होतं, पण ते तालुक्याच्या गावी गेले होते. आईला तरी विचारायला हवं होतं, ती विहिरीवर होती. मी विचारलं नाही. मी कोर मोडली, वर ठेचा लावला आणि तिच्या तोंडात दिली.

तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरा घास दिला. मग तिसरा. तिसऱ्याला ठेचा घशात गेला आणि तिला ठसका लागला. साधा ठसका नाही. बाज हलायला लागली, मी तिचं डोकं दोन्ही हातांत गच्च धरलं, पाणी पाजलं, ती खोकत राहिली, आणि मग एकाएकी तिचा हात पट्टीकडं गेला आणि ती कळवळली. डोळ्यात कळ आली, म्हणाली. काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, म्हणाली. डबा मी पिशवीत कोंबला, तिच्या तोंडावरचे भाकरीचे कण पुसले, आणि आजही मला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की कुणी पाहिलं तर नाही ना.

अण्णांना मी शाळेच्या मागं गाठलं आणि रडत रडत सांगितलं. मला वाटलं, ते जवळ घेतील आणि सगळं निस्तरतील. ते हातावरचा रंगाचा डाग खरवडत म्हणाले, "हे मी सांगणार नाही सुमन. भाकरी तू दिलीस, डॉक्टरांना तूच सांग." दुपारी डॉक्टर आले. सगळ्या मंडळींसमोर मी सांगितलं. कुणी माझ्याकडं बघेना. डॉक्टरांनी गयाबाईची पट्टी जराशी उचलून टॉर्चनं पाहिलं आणि पुन्हा बांधली. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "अंदर खून उतरा है. बैठ गया तो आँख बची. नहीं बैठा, तो गई. चार दिन कुछ नहीं बोल सकते." मग थांबून म्हणाले, "बता दिया, अच्छा किया. छुपाती तो मैं देखता ही नहीं." आणि वकिलांकडं वळून त्यांनी विचारलं की शिरा कायकू? मैं नरम बोला था, मीठा नहीं बोला था.

वकिलांचा पहिला विचार मला शिबिरातून काढून टाकायचा होता. ते चूक होते असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी ठरावाची भाषा सुरू केली होती, तेवढ्यात आई विहिरीवरून पाण्याची पुढची खेप घेऊन आली, सगळं ऐकलं, आणि काहीही न बोलता चूल पेटवली. तिनं ज्वारीच्या भाकरी भाजल्या, गरम असतानाच चुरल्या, तुरीच्या पातळ वरणात भिजवल्या आणि हातानं मळत मळत त्याचा लोण्यासारखा काला केला. मीठ, जिऱ्याची फोडणी, वाटलेला लसूण, तिखट अजिबात नाही. वाटीभर डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी चमच्यानं दाबून पाहिला, खाऊन पाहिला, आणि वाटी पुसून खाल्ली. मग आत अकरा वाट्या गेल्या. मिरचीवालीचा दीर पहिला घास गिळून म्हणाला, "आता कसं, घरी आल्यावानी वाटायलंय." मुळे वकिलांनी कोट काढून खुंटीला टांगला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि स्वतः एका म्हाताऱ्याला चमच्यानं भरवायला बसले. त्या संध्याकाळच्या ठरावात शिऱ्याऐवजी काला आला आणि सूचक म्हणून वहीत आईचं नाव पडलं. ती सभासद नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. वकील म्हणाले की दरअसल आता आहे. क्लबाच्या नेत्रशिबिरात नंतर कितीतरी वर्षं काला होत असे. आता केटरर असतो.

पण माझा जीव त्या काल्यात नव्हता. मला गयाबाईला सांगायचं होतं. तिला वाटत होतं, कळ आली आणि गेली. मी तिच्या उशाशी बसले आणि म्हटलं की तुमच्या डोळ्यात रक्त उतरलंय, माझ्या भाकरीनं उतरलंय, आणि डोळा कदाचित जाईल. तिनं चाचपत माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "भाकर कोनी मागितली?" मी म्हटलं, तुम्ही. "मग तू कशाला रडायलीस? डोळा गेला तर माज्या जिभंनं गेला. पन उठू नको आता. बस म्हनलं व्हतं, बस." मी बसले. चार दिवस बसले. तिच्या लेकाच्या कहाण्या ऐकल्या, लसूण कधी काढायचा आणि कुठं टांगायचा ते ऐकलं, तिच्या कपाळावरचं गोंदण कुणी केलं ते ऐकलं. ती झोपली की मी पट्टीकडं बघायचे आणि आतलं रक्त बसू दे, बसू दे, असं म्हणत राहायचे. देवाला काय कबूल केलं ते आता आठवत नाही, बरंच काही केलं असणार. बाहेर गावात कुजबुज होतीच की पहिल्या बाईचा डोळा गेलाय. तो खरोखर गेला असता, तर पाचोडात काय, साऱ्या तालुक्यात पुन्हा कुणी आमच्या दारात उभं राहिलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र तालुका दिसत नव्हता. मला त्या पांढऱ्या पट्टीच्या पलीकडं काही दिसतच नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं होतं. गयाबाईचा लेक आला होता, हाताची घडी घालून, भांडायच्या तयारीनं. आईची आत्या आत आपल्या बाजेवर जप करत होती. डॉक्टरांनी दारं-खिडक्या लोटून घेतल्या आणि म्हणाले, पहिली हीच. मी भिंतीला पाठ लावून दूर उभी राहिले, कारण जवळ जायची हिंमत होत नव्हती. पट्टीचे वेढे एकेक सुटत होते. शेवटी कापसाची घडी निघाली. डॉक्टरांनी ओल्या बोळ्यानं पापणी पुसली, टॉर्च लावला, खाली वाकले आणि तसेच राहिले. "बैठ गया," ते म्हणाले, इतकं हळू की स्वतःशीच. मग त्यांनी तिच्यापुढं हात धरला. "किती?" गयाबाईनं मान न हलवता बराच वेळ पाहिलं. "बोटं हायत का? तीन हायत."

अण्णांनी कुणाचा तरी खांदा पकडला. बाहेर दाराला कान लावून बसलेल्यांत आरोळी उठली आणि डॉक्टरांनी सगळ्यांना दटावलं. त्यांनी खिशातून चष्म्याचं जाड भिंग काढून तिच्या डोळ्यापुढं धरलं आणि विचारलं की पहिल्यांदा कुणाला बघायचंय, लेकाला आत बोलवू का? ती म्हणाली, "लेकाला लई बघितलं. त्या बाईला बोलवा, माज्यापाशी बसल्याली." मला कुणीतरी पुढं ढकललं. मी बाजेपाशी जाऊन वाकले. भिंगापलीकडं तिचा डोळा केवढा मोठा दिसत होता, लालसर, पाण्यानं भरलेला, आणि तो माझ्या तोंडावरून फिरत होता, कपाळावरून, वेणीवरून, पुन्हा तोंडावर. मला वाटलं, दिसत नाहीये.

"तू व्हय ती?" ती म्हणाली. "आवाजावरनं मला वाटलं, चार लेकरांची माय असशील. आगं, तू तर अजून लेकरू हायस. एवढ्याशा पोरीच्या भरवशावर मी डोळा दिला व्हय?"

खोलीत सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. ती वाट बघत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. मी म्हटलं, "व्हय."